दर डेला पाच ओळी

मला इंग्लिश कुठल्या शाळेने शिकवलं नाही. जालन्याकडे आमच्या गावच्या शाळेत इंग्लिशचे सर होते, ते फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, संपला तास. मला इंग्लिश शिकवलं ते दिवसांनी. हात धुण्याचा दिवस, पाण्याचा दिवस, किडनीचा दिवस, आईचा दिवस, पृथ्वीचा दिवस. आमच्याकडे त्याला नुसतं 'डे' म्हणायचे. "मावशी, उद्या डे आहे, अर्धा तास लवकर या." कुठला डे ते आल्यावर कळायचं.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी साडेसहा वर्षं हाउसकीपिंगला होते. राहायला दिघ्याला. हॉस्पिटलचा पगार आम्हाला नाही, कंत्राटदाराचा. लाद्या पुसायच्या, बेडपॅन धुवायचे, कचऱ्याच्या पिशव्या भरायच्या, बांधायच्या, खाली न्यायच्या. आधीच सांगते, हे मी रागाने लिहितेय. शांत डोक्याने लिहायचं ठरवून तीनदा बसले आणि तीनदा उठले. राग एका सुईचा आहे. ती सुई माझ्या जोडीदारणीच्या बोटात गेली, आणि ती जाण्यात माझ्या एका वाक्याचा हात आहे. ते वाक्य मी इंग्लिशमधे बोलले होते.

आमच्यात दोन-दोन बायकांची जोडी लावतात. एकीने बेड ओढायचा, दुसरीने खालून पुसायचं. माझी जोडीदारीण रबाळ्याजवळच्या गावठाणातली, आगरी. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची, ती मला 'गो' म्हणायची. नवरा गेलेला, घरात कमावती ती एकटीच. तोंडाने फटकळ, पण पेशंटच्या नातेवाइकाला रडताना पाहिलं की मॉप टाकून पाणी आणायला जाणारी.

आता डेचं सांगते. हॉस्पिटलांना दर्जाचं सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी बाहेरून तपासणीवाले येतात, आणि ते डॉक्टरांना विचारतात तसं लादी पुसणारीलाही मधेच थांबवून विचारतात. म्हणून ट्रेनिंगच्या मॅडमनी युक्ती काढली. नुसतं इंग्लिश शिकवलं तर बायका झोपतात, तर डेच्या निमित्ताने शिकवायचं. प्रत्येक डेला पाच ओळींचं कार्ड. प्लास्टिक मारलेलं, गळ्यात अडकवायचं. आठ दिवस पाठ करायचं, डेच्या दिवशी लॉबीत रांगोळीभोवती उभं राहून एकेकीने एकेक ओळ बोलायची, फोटोवाला फोटो काढणार, झालं. फोटो भिंतीवर लागायचा. तेवढ्या वेळात वॉर्डातल्या लाद्या कोण पुसणार, हे कोणी विचारायचं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कार्डावरच्या इंग्लिशखाली मी मराठीत उच्चार लिहायची आणि त्याखाली अर्थ. अक्षरं येतच होती, मग हळूहळू शब्द ओळखीचे व्हायला लागले. पाण्याच्या डेला वेस्ट म्हणजे वाया घालवणं कळलं. किडनीच्या डेला फेल्युअर. पेशंटच्या सुरक्षेचा म्हणून एक डे असतो, त्याला नेग्लिजन्स शिकले, म्हणजे हलगर्जीपणा. बसमधे बसून दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. फार्मसीत चिठ्ठी द्यायला गेले की वरचं नाव मोठ्याने वाचायची आणि फार्मसीतला पोरगा बघत राहायचा. चाळिशीला आलेल्या बाईला असं काही नवीन यायला लागलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

जोडीदारणीला त्यातलं काही पटत नव्हतं. ऑक्टोबर संपताना परदेशात भुतांचा एक सण असतो म्हणे. तर लहान मुलांच्या वॉर्डात आम्हाला पांढऱ्या चादरी पांघरून उभं केलं, हातात कागदाचा भोपळा. ती चादरीच्या आतून मला म्हणाली, "दिवालीचे तोंडावर मना भूत बनवतान काय गो? घरान लक्ष्मी यायची नं मी इकरं भूत." मला हसू आवरेना. पाचवी ओळ तिची होती, ती तिने अशा आवाजात म्हटली की एक पोर खरंच रडलं. मग अमेरिकेतल्या आभाराच्या सणाच्या पाच ओळी झाल्या, टर्की पक्ष्याचं चित्र काढलेलं कार्ड. टर्की आम्ही कोणी पाहिलेली नाही. बुद्ध पौर्णिमा आली तेव्हा मी मॅडमना विचारलं, "याच्या पाच ओळी नाहीत का? मी सांगते, तुम्ही इंग्लिश करा." त्या म्हणाल्या, "ताई, ते आपल्या लिस्टमधे नाही." जोडीदारणीने मागून नारळी पौर्णिमेचं विचारलं, तर तेही नाही. म्हणजे आमचे सण सोडून दुनियेचे सण आमच्या गळ्यात. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता आठवलं की डोकं फिरतं.

खरी गोष्ट कचऱ्याची आहे. हॉस्पिटलात कचऱ्याला रंग असतात. रक्ताचा कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. नळ्या, सलाइनच्या बाटल्या लाल पिशवीत. आणि सुया पांढऱ्या डब्यात. डबा कडक प्लास्टिकचा, सुई आरपार जाऊ नये म्हणून. हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या मजल्यावर डबे कमी पडायला लागले. भरलेला डबा नेला की नवीन दोन-दोन दिवस यायचा नाही. सिस्टर तरी काय करणार, तिच्या अंगावर वीस पेशंट. हातातली सुई समोर असेल त्या पिशवीत जायची. पिवळी पिशवी उचलली की आत काहीतरी टोचरं हाताला लागायचं. आम्ही दोघींनी कंत्राटदाराच्या सुपरवायझरला तीनदा सांगितलं. मराठीत सांगितलं, डबा नाही, सुया पिशवीत येतात, एक दिवस कुणाला तरी लागेल. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "ताई, टेन्शन नका घेऊ. बघतो मी." डोंबल बघतो.

तपासणी आली ती सुरक्षेच्या त्याच डेच्या आठवड्यात. आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना हॉलमधे बसवलं. म्हणाल्या, "कोणी काहीही विचारू दे, उत्तर कार्डातलं द्यायचं आणि इंग्लिशमधे द्यायचं. मराठीत बोलायला लागलात की तुमच्या तोंडून भलतंच निघतं." सगळ्या हसल्या. मी पण हसले. मॅडम माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "यांना पुढे ठेवा, यांचं इंग्लिश चांगलं आहे." आणि मी पुढे उभं राहायला तयार झाले, कपाळ माझं.

सकाळी आमच्या मजल्यावर सगळीकडे नवे कोरे पांढरे डबे. कुठून आले देव जाणे. तपासणीवाले दोघं होते. त्यातले एक वयस्कर, पांढऱ्या मिशा, चष्मा दोरीला बांधलेला. ते माझ्यासमोर थांबले. मागे मॅडम, सुपरवायझर, आणखी कोण कोण. माझ्या शेजारी जोडीदारीण. त्या साहेबांनी मला विचारलं, "ताई, सुया कशात टाकता हो? डबे पुरतात का रोज? आजचे नवीन दिसतायत."

शुद्ध मराठीत विचारलं. आमच्या मजल्यावर इतक्या वर्षांत आम्हाला 'डबे पुरतात का' असं विचारणारा तो पहिला माणूस. एवढंच म्हणायचं होतं, नाही पुरत साहेब. तीन शब्द. पण मी काय केलं? सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "एव्हरी नीडल गोज इन द व्हाइट बॉक्स, सर. वी आर सेफ."

त्यांनी चष्मा लावला. "मराठीत सांगा की. मी पण मराठीच आहे, नगरचा." माझ्या डोळ्यासमोर मॅडमचं तोंड. मी म्हणाले, "नो प्रॉब्लेम, सर." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हातातल्या कागदावर लिहिलं. मॅडमनी मागून अंगठा वर करून 'छान' अशी खूण केली. दुपारी मला गुलाबाचं फूल मिळालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवे डबे आठवडाभर टिकले.

कपडे बदलायच्या खोलीत जोडीदारणीने विचारलं, "तू कनाला नाय बोललीस गो? तो त मराठीनच बोलत व्हता."

मी म्हणाले, "मॅडमनी सांगितलं होतं ना इंग्लिशमधेच बोलायचं." तिने केस बांधले, पिशवी घेतली आणि गेली. खरं तर मी तेव्हा मनातून खूश होते. गुलाब पाण्यात ठेवायला घरी नेला मी.

डिसेंबर तोंडावर आला. पहिल्या तारखेला एड्सचा डे असतो. मॅडमनी ठरवलं की हाउसकीपिंगच्या सगळ्या बायकांना लाल ओढण्या देऊन पार्किंगमधे लाल फितीच्या आकारात उभं करायचं आणि गच्चीवरून फोटो काढायचा. आदल्या दिवशी दुपारी मला प्रॅक्टिसला खाली बोलावलं. जोडीदारीण एकटी वर राहिली. मी खाली बोलत होते, 'टचिंग डझ नॉट स्प्रेड इट, शेअरिंग अ कप डझ नॉट स्प्रेड इट.' आणि वर तिने पिवळी पिशवी उचलली.

मी वर गेले तर ती तिथे नाही, खाली कॅज्युअल्टीत बसलेली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला कापूस. सुई हातमोज्यातून आरपार गेली होती. कुठल्या पेशंटची सुई, कोणाला माहीत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने साबणाने हात धुवायला लावला, रक्त काढून घेतलं आणि एड्स होऊ नये म्हणून लगेच गोळी दिली. म्हणाली, "मावशी, या गोळ्या महिनाभर रोज घ्यायच्या. एक दिवस चुकवायचा नाही. मग परत रक्त बघायचं, तीन महिन्यांनी आणखी एकदा. आजची दिली आहे, बाकीच्या तुमच्या ऑफिसचा फॉर्म आला की." ताईने विचारलं, "मना काय होईल?" डॉक्टर म्हणाली, "बहुतेक काही नाही होणार. पण गोळ्या घ्या." त्या 'बहुतेक'वर ताई रात्रभर जागी राहिली असणार.

दुसऱ्या दिवशी, डेच्या दिवशी, सकाळी कपडे बदलायच्या खोलीत काय बघते, तर आमचे चहाचे कप ठेवतात त्या फळीवरून ताईचा कप काढून खाली बेसिनपाशी ठेवलेला. वेगळा. कोणी केलं म्हणून विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघतात. आणि प्रत्येकीच्या गळ्यात कार्ड, त्यावर लिहिलेलं, शेअरिंग अ कप डझ नॉट स्प्रेड इट. एकीने तर मला हळूच सांगितलं, "तू पण जरा जपून." मी विचारलं, "कार्डावर काय लिहिलंय ते कळतं का तुला?" ती म्हणाली, "पाठ आहे ना." हीच तर गंमत. पाठ होतं सगळ्यांना. पोपटाला शिव्या शिकवा नाहीतर अभंग, पोपटाचं काय जातं? आणि मी कुठल्या तोंडाने बोलणार, मी तर त्या सगळ्या पोपटांत पहिला नंबर.

ताई बाहेर पायऱ्यांवर बसली होती. हातात कागद. "गोल्या देत नाय. फॉर्मान कायतरी लिवलाय बोलतान. तू वाच."

मी वाचला. बोट ठेवून वाचला. सुपरवायझरने इंग्लिशमधे भरलेला, खाली ताईची मराठीत सही. स्टाफ वॉज नॉट वेअरिंग ग्लव्हज. स्टाफ पुट हँड इन बॅग. इंज्युरी ड्यू टू ओन नेग्लिजन्स. एकेक शब्द मला येत होता. एकाही शब्दाला अडले नाही. असं वाटलं की न येता तर बरं झालं असतं.

मी तिला मराठीत सांगितलं. तू हातमोजे घातले नव्हतेस, पिशवीत हात घातलास, चूक तुझी. असं लिहिलंय, आणि तू सही केली आहेस.

ती उठून उभी राहिली. "हातमोजा व्हता माझे हातान. फाटलेला दाखवला त्याला मी, आतमंदी रगात व्हता. तो बोलला सही कर, गोल्या मिलतील."

हातमोजा त्याने कचऱ्यात टाकला होता. आता चूक तिची ठरली की गोळ्यांची जबाबदारी कंत्राटदारावर नाही, तपासण्यांची नाही, आणि महिनाअखेर तिचं नाव हजेरीपटातून गेलं तरी विचारायला कोणी नाही. सुपरवायझर म्हणतो, "सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळतात, तिकडे जा की." तिकडे ती जाईलही. पण नोकरी? आणि पुढे काही निघालंच रक्तात, तर हा कागद म्हणणार तुझ्याच हलगर्जीपणाने निघालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आदल्या दिवशीची गोळी दुपारी चारला घेतली होती. म्हणजे चार वाजेपर्यंत दुसरी मिळायला हवी. मी दुसऱ्या मजल्यावर ट्रेनिंग रूममधे गेले. मॅडम लाल ओढण्या मोजत होत्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, आत्ता नको ना, डे होऊ दे. आणि हो, ती येणार नसेल तर तिच्या जागी दुसरी कोणीतरी द्या. फितीत मधेच गॅप दिसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "मॅडम, फॉर्म खोटा आहे."

तेव्हा त्यांनी ओढण्या खाली ठेवल्या. कपाटातून तपासणीची फाइल काढली, एक पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. "तुम्हाला वाचता येतं, वाचा." त्यात माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं. एव्हरी नीडल गोज इन द व्हाइट बॉक्स. नो प्रॉब्लेम. मॅडम समजावणीच्या आवाजात म्हणाल्या, "सुया डब्यातच जातात, असं तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत. मग पिशवीत सुई येईलच कशी? तिनेच काहीतरी गडबड केली असणार. मी नाही म्हणत हां, रेकॉर्ड म्हणतं."

सुपरवायझर खोटा होता हे मला माहीत होतं. पण त्याचं खोटं उभं होतं माझ्या खोट्यावर.

मी म्हणाले, "मी खोटं बोलले होते."

"असं बोलू नका, तुमच्यावरच येईल."

"येऊ दे."

त्यांनी मला नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मग लिहून द्या. इंग्लिशमधे. मराठी अर्ज वर जात नाही." त्यांना वाटलं असेल, इथे ही गप्प बसेल. मी समोरची खुर्ची ओढली. साडेसहा वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. म्हटलं, कागद द्या.

तासभर लागला मला. कार्डात नसलेलं वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं. शब्द होते, पण ते जोडायचे कसे ते कोणी शिकवलं नव्हतं. चुकलं असेल, चुकू दे. लिहिलं की आमच्या मजल्यावर पांढरे डबे पुरत नाहीत. आम्ही तीनदा सांगितलं. सुया पिवळ्या पिशवीत येतात. ती रोज हातमोजे घालते, मी तिच्याबरोबर काम करते, मी रोज बघते. सुपरवायझर तिथे नव्हता, त्याने पाहिलं नाही. आणि मग, हात थांबला होता तरी, लिहिलं की तपासणीच्या साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मॅडमनी कार्डातलं बोलायला सांगितलं म्हणून बोलले. आय टोल्ड लाय. खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं ओरडतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमचं इंग्लिश किती सुधारलंय. बघा, डेचा उपयोग झाला ना?" आणि कागद ड्रॉवरमधे टाकला.

त्या क्षणी मी काय करून बसले असते सांगता येत नाही. हात टेबलाला घट्ट धरून ठेवले. म्हटलं, "मॅडम, झेरॉक्स काढा, आणि मिळाल्याचा शिक्का मारून द्या. नाहीतर खाली पार्किंगमधे सगळे जमलेत, फोटोवाला पण आला आहे. माझी ओळ आली की मी हेच वाचते." त्यांचं हसू गेलं. त्यांनी ड्रॉवरमधून कागद परत काढला, झेरॉक्स काढली आणि तिच्यावर शिक्का मारून दिला.

तो कागद घेऊन मी कॅज्युअल्टीत कालच्या डॉक्टर मुलीकडे गेले. तिने सगळा वाचला. फोन उचलला, कोणाला तरी दहा मिनिटं इंग्लिशमधे झापलं. मला सगळं कळलं नाही, पण नेग्लिजन्स शब्द तिने दोनदा म्हटला आणि दोन्ही वेळा तो ताईबद्दल नव्हता. साडेतीनला फार्मसीतून महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. खाली फीत उभी राहिली, फोटो निघाला. मी त्यात नव्हते, ताईही नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. फॉर्मवरचं 'ओन नेग्लिजन्स' कोणीतरी पेनाने खोडलं, त्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. सुपरवायझर तिथेच आहे. डबे दीड महिना वेळेवर आले, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. मला जानेवारीत गरज नाही म्हणून काढलं. आता पावणे गावाकडे एका कंपनीत लाद्या पुसते. ताईची नोकरी राहिली. तीन महिन्यांनी तिचं रक्त साफ आलं, ते तिने मला फोन करून सांगितलं, मी रस्त्यात उभी राहून रडले. म्हणजे सगळं नीट झालं म्हणायचं. लोक मला म्हणतात, "धाडस केलंस बाई." धाडस म्हटलं की मला चीड येते. मी जे निस्तरलं त्यातलं निम्मं मीच करून ठेवलेलं होतं.

कारण मला आठवतं ते त्याच दिवसाचं, चार वाजताचं. ताई मागच्या गेटबाहेर चहाच्या टपरीशी बाकावर बसली होती. मी तिच्या मांडीवर गोळ्या ठेवल्या, आणि शिक्क्याचा कागद तिला मराठीत वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचे हातमोजे, पिवळी पिशवी, सुपरवायझर. तपासणीच्या साहेबांशी मी खोटं बोलले, तेही वाचलं. ते गाळता आलं असतं, तिला काय कळणार होतं. नाही गाळलं.

तिने गोळीचं पाकीट फोडलं. रागाने बोलली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते, माझी नोकरी जाईल त्याचं काय, असं म्हणाले असते. पण तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी महाग झाली सांगावं तसं तिने सांगितलं.

"आज बोललीस. त्या दिशी बोलली असतीस त आज मना गोली नसती लागली."

आणि तिने गोळी तोंडात टाकली.